एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) मुलाला गोळीशिवाय सांभाळता येतं का?

तापीकाठ (विशेष शिक्षिका, जळगाव)
माझं मत: येतं, पण 'गोळी नको' एवढं म्हणून नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी आईवडिलांचं प्रशिक्षण हाच पहिला उपाय. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सची 2019 ची शिफारस तीच आहे. मोठ्या मुलाची लक्षणं सौम्य असतील तर तीन महिने हेच नेटानं करावं.

नेटानं म्हणजे कसं? एका वेळी दोनच गोष्टी निवडा, त्याही डोळ्यांना दिसणाऱ्या. 'नीट वाग' नको, 'जेवताना दहा मिनिटं ताटावरून उठायचं नाही' चालेल. सूचना स्वयंपाकघरातून ओरडून देऊ नका. जवळ जा, नाव घ्या, एकच काम सांगा. जमलं की लगेच कौतुक आणि तक्त्यावर एक टिक. पाच टिकांना त्याच संध्याकाळी वीस मिनिटं सायकल. 'पास झालास तर दिवाळीत घेऊ' हे या मुलांपर्यंत पोचत नाही, लांबच्या बक्षिसाची ओढ त्यांना धरून ठेवत नाही. सुरुवातीला दहापैकी सात-आठ वेळा जमेल इतकं सोपं ठेवा. आणि मिळालेली टिक रागात खोडू नका. तक्ता तिथेच मरतो.

गिरणाकाठ (बालरोगतज्ज्ञ, धुळे)
ताई, सहाच्या आतल्यांबद्दल वाद नाही. पुढच्यांबद्दल आहे. एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या, 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एमटीए अभ्यासात 579 मुलं होती. चौदा महिन्यांनी मूळ लक्षणांवर देखरेखीखालचं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा (तक्ता, कौतुक, बक्षीस असे वागणं बदलायचे उपाय) सरस ठरलं. पोरगं रस्त्यावर धावत सुटतं, तिसरीत वाचन मागे पडतंय, वर्गात एकही मित्र उरलेला नाही, अशा वेळी तीन महिने थांबणं फुकट नसतं. 'औषधाशिवाय' म्हणणाऱ्या बऱ्याच घरांत प्रत्यक्षात काहीच चाललेलं नसतं.

तापीकाठ
भाऊ, त्याच अभ्यासातला गटांमधला हा फरक तीन वर्षांनी उरला नव्हता, हेही सांगा की. काहीच न करणं मला मुळीच मान्य नाही.

पांझरा (जि. प. शाळेतला शिक्षक)
वर्गात पन्नास मुलं असली तरी हे होतं. पोऱ्याला पहिल्या बाकावर, दार-खिडकीपासून लांब बसवा. दहा गणितं एकदम नको. पाच झाली की वह्या गोळा करायला उठवा, मग उरलेली पाच. घरी रोज तीन ओळींची चिठ्ठी: गृहपाठ आणला का, जागेवर बसला का, हात वर करून बोलला का. पुढे फक्त हो किंवा नाही, बक्षीस घरी. मधली सुट्टी बंद करण्याची शिक्षा मात्र सोडा, त्यानं दुपारची चुळबुळ वाढतेच. एप्रिल-मेच्या खानदेशी उन्हात दुपारी खेळ शक्य नाही, म्हणून मैदान सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीला.

केळीबाग (पालक, रावेर)
एकत्र कुटुंबात तक्ता टिकतो का? आजी रडू ऐकलं की मोबाईल देतात. आणि साखर बंद करून ब्राह्मी दिली तर पुरेल का?

तापीकाठ
आजींना बाहेर ठेवू नका, टिक मारायचं काम त्यांच्याकडेच द्या. हट्टाकडे दुर्लक्ष सुरू केलं की पहिले काही दिवस रडणं वाढतं, आणि नेमकं तेव्हाच घर माघार घेतं. मग मूल शिकतं की जास्त रडलं की मोबाईल मिळतो. हे आजींना आधीच सांगून ठेवा.

गिरणाकाठ
साखरेनं चंचलता वाढते हे चाचण्यांत टिकलेलं नाही. कृत्रिम रंगांचा काही मुलांवर थोडा परिणाम होतो, रंगीत पेप्सीकांड्या कमी करायला हरकत नाही. ब्राह्मीवर विसंबून राहण्याइतका पुरावा नाही. आधी कान, डोळे, शरीरातलं लोह तपासा. घोरत असेल तर टॉन्सिल दाखवा. अपुऱ्या झोपेचं मूल अगदी असंच दिसतं. शाळकरी मुलाला नऊ तास तरी झोप हवी. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आहे.

ताई, तीन महिन्यांवर मी अजूनही अडलोय. सहा आठवडे तक्ता आणि चिठ्ठी रोज भरा. 'हो' वाढत नसतील तर तीच चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे या.

तापीकाठ
सहा आठवड्यांतले पहिले दोन घराची शिस्त बसण्यातच जातात. मी आठच्या खाली येणार नाही. मात्र जिवाला धोका असेल तर एक दिवसही थांबू नये.