पावसाळ्यात ड्रायर बंद पडला, तर आधी दुरुस्ती की आधी वाळवण्याची सोय?

घरदुरुस्ती

ऐन जुलैत सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर, म्हणजे कपडे पिळून काढणारा शेजारचा लहान टब, बंद पडला की बहुतेक घरांत ठरतं, "पावसाळा सरला की बघू, तोवर हाताने पिळू." मला हे अजिबात पटत नाही. पाच-सहा माणसांच्या घरात, जिथे गणवेश रोज लागतात, तिथे पावसाळ्यात धुण्याचा टब बंद असला तरी निभावतं. कपडे हाताने धुता येतात, पण ड्रायरइतकं पाणी हाताने पिळून निघत नाही. म्हणून आधी ड्रायर दुरुस्त करा.

चार किलो सुक्या कपड्यांत हाताने पिळल्यावर जवळजवळ चार लिटर पाणी राहतं, जीन्स आणि टॉवेलमध्ये त्याहून जास्त. ड्रायरमध्ये पाच मिनिटं फिरवले तर दोन-अडीच लिटर उरतं. एक लिटर पाणी हवेत उडवायला सुमारे ०.६७ युनिटइतकी उष्णता लागते, मग ती उन्हातून येवो नाहीतर मीटरमधून. ड्रायरची मोटर पाच मिनिटांत ०.०२ युनिटही खात नाही.

आणि बिघाड बहुधा किरकोळ असतो. प्लग काढा, मशीन भिंतीपासून ओढा, मागचं पॅनेल उघडा. झाकण उघडं असताना टब ब्रेकमुळे अडकलेलाच असतो, त्यामुळे ब्रेकची पट्टी हाताने मोकळी धरून टब फिरवून बघा. जड फिरत असेल तर आतल्या आणि बाहेरच्या टबाच्या फटीत पायमोजा किंवा रुमाल गेलाय का ते पाहा. मोकळा फिरतोय, पण चालू केल्यावर नुसतं गुणगुणतं, तर संशय दोन गोष्टींवर. एक कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा रेटा देणारा विजेचा छोटा भाग. दुसरी ब्रेकची वायर, कारण ती ढिली पडली किंवा तुटली की झाकण लावूनही ब्रेक सुटत नाही. मोटर फिरते पण टब जागचा हलत नाही, तर दोघांना जोडणाऱ्या कपलिंगचा बोल्ट सैल झालाय. काहीच आवाज नसेल तर झाकणाखालचा स्विच, टायमर आणि उंदराने कुरतडलेल्या वायरी तपासा. हे शेवटचं तळमजल्यावर फार होतं.

कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा जुन्यावर असेल तोच घ्यायचा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, म्हणून आधी साध्या १०० वॉटच्या बल्बच्या वायरी दोन्ही टोकांना टेकवून तो उतरवा. भाग शे-दोनशे रुपयांत मिळतो.

समुद्रकाठ

बिघाडांची माहिती उत्तम, पण "आधी ड्रायर" हे पटलं नाही. कोकणपट्टीत आणि मुंबईत खरी अडचण खोलीतल्या हवेची आहे.

२८ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते. बाहेर दमटपणा ८५ टक्के असेल तर त्यातली २३ ग्रॅम आधीच भरलेली, जागा उरली ४ ग्रॅमची. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे २८ घनमीटर. सगळ्या खोलीत मिळून जेमतेम ११० ग्रॅम पाणी मावणार. तुमच्या ड्रायरमधून निघालेल्या कपड्यांतही दोन लिटर शिल्लक आहे. खिडक्या लावून वर पंखा सोडला की तीच ओली हवा गोल गोल फिरते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कुबट वास.

म्हणून पहिला खर्च हवेवर करा. खोलीला एक्झॉस्ट बसवा आणि समोरच्या बाजूने हवा आत यायला फट ठेवा. टेबल फॅन जमिनीवर ठेवून वारा कपड्यांच्या ओळींमधून जाईल असा लावा, कपड्यांवर समोरून आदळेल असा नको. शर्ट हँगरवर, दोन हँगरमध्ये वीतभर अंतर. जीन्स आतली बाजू बाहेर करून कमरेकडून टांगायची, म्हणजे पाय नळीसारखे उघडे राहतात. दोरीवर दुमडून टाकलेली जीन्स घडीवर तीन दिवस ओली राहते.

जमत असेल तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, घ्या. त्याच्यासाठी मात्र उलटा नियम, दारं-खिडक्या घट्ट बंद. कॉम्प्रेसरवाला बघूनच घ्यायचा. टेबलावर ठेवायचे ते छोटे, बिनकॉम्प्रेसरचे, दिवसाला अर्धा लिटर ओढले तरी खूप. कपाटापुरते ठीक, धुण्याला निरुपयोगी.

घरदुरुस्ती

तुमचाच डीह्युमिडिफायर माझ्या बाजूने बोलतोय. "१२ लिटर रोज" लिहिलेला डीह्युमिडिफायर ताशी अर्धा लिटर ओढतो, तोही साधारण ३० अंश आणि ८० टक्के दमटपणात. हाताने पिळलेल्या कपड्यांतले चार लिटर ओढायला त्याला आठ तास, ड्रायरमधल्या दोनला चार. रात्री अकराला टांगलेला गणवेश पहाटे सहाला अंगावर चढवायचा असेल तर हा फरक सगळं ठरवतो. काही हजारांचं यंत्र घेण्याआधी दोनशेचा कपॅसिटर बदला.

नवंच_घ्या

दोघंही जुन्या मशीनचा जीव वाचवायला निघाला आहात. आठ-दहा वर्षं झालेल्या, खाऱ्या हवेतल्या सेमीचा तळाचा पत्रा खाऊन गेलेला असतो. ड्रायरच्या तळाचा, पाणी अडवणारा रबरी बेलो फाटला की पाणी थेट मोटरवर ठिबकतं, बेअरिंग गंजतं, मग कर्कश आवाज. आज कपॅसिटर, पुढच्या महिन्यात बेलो, नंतर मोटर. धावपळीच्या घरात मेकॅनिकची वाट पाहत बसणं हाच सगळ्यात मोठा खर्च. फुल्ली ऑटोमॅटिक घ्या आणि मोकळे व्हा.

फेऱ्यांचा_हिशेब

@नवंच_घ्या, फुल्ली ऑटोमॅटिक म्हणजे कोणतं? वाळवण्याच्या दृष्टीने इथे लोक फसतात. सेमीचा ड्रायर मिनिटाला १३०० च्या आसपास फिरतो, पण त्याचा टब लहान, त्रिज्या १२ सेंटीमीटरच्या आसपास. पाणी बाहेर फेकणारा जोर त्रिज्येच्या पटीत आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. फ्रंट लोडच्या ड्रमची त्रिज्या साधारण दुप्पट, म्हणून तो ९००-१००० फेऱ्यांत सेमीची बरोबरी करतो आणि १२००-१४०० ला पुढे जातो. टॉप लोड बहुतेक ७०० च्या आसपास फिरतात, त्यांचा जोर सेमीच्या निम्मा. म्हणजे पैसे खर्चून कपडे आणखी ओले! घ्यायचंच तर फ्रंट लोड घ्या, आणि स्पिनचा आकडा बघून घ्या.

पाण्याचं वेगळंच. जिथे टँकर येतो किंवा नळाला दिवसातून तासभर पाणी, तिथे सेमीतच एका साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी काढता येतात. ही सोय फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये नाही.

दोरी_आणि_वारा

मेकॅनिक चार दिवसांनी येणार म्हणाला तर तोवर घर कसं चालवायचं, हे कुणीच सांगितलं नाही. माझं म्हणणं, ड्रायरशिवायही चालतं, पण सगळं धुणं एकदम काढलं तर नाही. रोज दीड-दोन किलोच धुवा. गणवेश, आतले कपडे, ऑफिसचे शर्ट आधी. चादरी आणि जीन्स थांबवा. मोठ्या टॉवेलऐवजी पंचे वापरा, पातळ सुती पंचा टॉवेलच्या निम्म्या वेळात वाळतो.

टेरीकॉटचे शर्ट पिळूच नका. नळावर हँगरला लावून पाणी गळू द्या, अर्ध्या तासाने आत आणा. सुती कपडा असेल तर कोरड्या टॉवेलवर पसरायचा, दोन्हींची गुंडाळी करायची आणि तिच्यावर गुडघा टेकवून दाबत पुढे सरकायचं. टॉवेल बराच ओला होतो, पण शर्ट हलका होतो. मग कॉलर, खिसे आणि शिवणी इस्त्रीने कोरड्या करायच्या, कारण पाणी तिथेच दडून बसतं.

एक कळकळीची विनंती. पेटत्या गॅसवर कपडे धरू नका, शेगडीच्या वर दोरी बांधू नका. इन्व्हर्टरवर किंवा चालू हीटरवर ओले कपडे पसरू नका.

समुद्रकाठ

@दोरी_आणि_वारा, रोज थोडं धुणं याला पूर्ण पाठिंबा. खोलीला झेपेल तेवढंच पाणी रोज आत आणायचं, माझा मुद्दाही हाच. कुबट वासाचं कारणही वेळच आहे. मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू कपडा बराच वेळ ओलसर राहिला की वाढतो आणि तो वास सोडतो. सुगंधी द्रव टाकून वास झाकला जातो, जिवाणू तसाच राहतो. सुती टॉवेल गरम पाण्यात, साधारण ६० अंशांना, धुवा आणि लवकर वाळवा.

न्यूजर्सीहून

आमच्याकडचा ड्रायर गरम हवेचा, पण घरातला वाद हाच. ड्रम फिरतो पण गरम होत नाही, तर आधी ब्रेकर बघा. विजेच्या ड्रायरला दोन जोडलेले ब्रेकर असतात. एक बाजू गेली की मोटर १२० व्होल्टवर फिरत राहते, हीटरला मात्र २४० लागतात. ब्रेकर ठीक असतील तर थर्मल फ्यूज (जास्त तापलं की वीज तोडणारा) किंवा हीटर. फ्यूज उडायचं नेहमीचं कारण म्हणजे बाहेर जाणाऱ्या नळीत साचलेला कपड्यांचा भुसा. नळी साफ न करता नुसता फ्यूज बदलला तर तो पुन्हा उडतो. तो वगळून वायर थेट जोडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

ड्रायर बंद असतो तेव्हा आम्हीही वॉशरमध्येच जास्तीचं एक स्पिन लावतो. त्यामुळे माझं मत धागाकर्त्याला: पाणी आधी फिरवून काढा, हवेचं नंतर.

घरदुरुस्ती

@नवंच_घ्या, बेलोचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण मशीन टाकायचं की नाही हे वर्षं मोजून ठरवू नका. निचऱ्याची नळी ड्रायरच्या बाहेरच्या टबापेक्षा उंच बांधा, म्हणजे पाणी तळाशी राहील. मग ड्रायरच्या टबात दोन तांबे पाणी ओता. अर्धा तास थांबा आणि बॅटरी घेऊन मागून मोटरच्या डोक्याकडे बघा. कोरडं असेल तर बेलो शाबूत आहे, कपॅसिटर बदला आणि पुढची काही वर्षं वापरा. थेंब दिसले पण गंज नाही, तर बेलो लगेच बदलून घ्या. गंजाचा तांबडा ओघळ उतरलेला असेल आणि टब हाताने फिरवताना खरखर लागत असेल, तर बेअरिंग गेलंय. तेव्हा मोटरचा आणि मजुरीचा आकडा लिहून घ्या, आणि तळाचा पत्राही बोटाने दाबून बघा. पत्रा दबला तर मीही नवंच घ्या म्हणेन.

नवंच_घ्या

दबणारच. किनाऱ्यावरचं मशीन असेल तर त्या परीक्षेत फार थोडी पास होतील. आणि चाचणी करून झाली की नळी खाली सोडायला विसरू नका, नाहीतर पाणी टबातच राहील, टब वेग घेणार नाही आणि चांगला ड्रायर बिघडलाय असं वाटेल.