मदत हवी आहे: सिडनीत अकरावीचे विषय निवडताना स्केलिंगचा विचार किती करायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही सिडनीच्या पश्चिम भागात राहतो. लेक दहावीत आहे. अकरावीच्या विषयांचा फॉर्म पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचाय आणि गेले दहा दिवस घरात दुसरा विषय नाही. फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लावलाय. शेवटच्या ओळीत लेकीनं पेन्सिलीनं 'व्हिज्युअल आर्ट्स' लिहिलं, बाबांनी ते खोडून 'फिजिक्स' लिहिलं, तिनं परत खोडलं. आता तिथला कागद इतका झिजलाय की पुढच्या वेळी रबर आरपार जाईल.

इथली पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अकरावीला १२ युनिटं, बारावीला किमान १०. बहुतेक विषय २ युनिटांचे. सक्तीचं फक्त इंग्रजी. गणितसुद्धा ऐच्छिक! (हे मला अजून पचलेलं नाही.) तिची यादी अशी: इंग्लिश ॲडव्हान्स्ड, मॅथ्स ॲडव्हान्स्ड, केमिस्ट्री, बायॉलॉजी, मॉडर्न हिस्टरी आणि आर्ट. पुढे फिजिओथेरपी करायची असं सध्या म्हणते. सध्या.

नवऱ्याचं म्हणणं, आर्ट आणि हिस्टरी 'खाली स्केल' होतात. त्याऐवजी फिजिक्स घे आणि गणिताचं एक्स्टेन्शन वन (म्हणजे वरच्या पातळीच्या गणिताचं जास्तीचं १ युनिट) घे. त्याने एक्सेलमध्ये तक्ता केलाय, हिरवे आणि लाल रकाने. आर्टचा रकाना अर्थातच लाल.

मी स्वतः नाशिकची. दहावीला संस्कृत 'स्कोअरिंग' म्हणून घेतलं आणि बारावीला इलेक्ट्रॉनिक्स बायफोकल, तेही २०० मार्कांच्या लोभानं. त्यामुळे नवऱ्याला कुठल्या तोंडानं बोलू? पण लेकीचा चेहरा बघवत नाही. ज्यांची मुलं इथल्या एचएससीतून (बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेतून) गेलीत त्यांनी कृपया सांगा, हे स्केलिंग म्हणजे नक्की काय? आणि त्याच्यासाठी आवडीचा विषय सोडावा का?

— रानजाई

*

रानजाई, आमच्याकडे सीईटीला वेगवेगळ्या शिफ्टमध्ये पेपर होतो आणि पर्सेंटाइल काढून नॉर्मलाइज करतात, तसंच असेल. माझ्या पुतण्याची शिफ्ट अवघड होती, पण पर्सेंटाइल बरं आलं.

— पुणे३०

*

पुणे३०, तसं नाही. सीईटीत एकाच विषयाचे वेगळे पेपर एका पातळीवर आणतात. इथे वेगवेगळे विषय एकमेकांशी तोलायचे असतात, केमिस्ट्रीतले ८० आणि ड्रामातले ८०.

रानजाईताई, माझा मुलगा २०२३ ला बारावी झाला. तेव्हा मीही तुमच्या मिस्टरांसारखाच तक्ता केला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यांचा एक समज असतो की अवघड विषयाला वरून मार्क मिळतात. तसं काही नाही. विद्यापीठ प्रवेशाचं काम बघणारी यूएसी दरवर्षी नव्याने बघते, की अमुक विषयाला बसलेली मुलं त्यांच्या बाकीच्या विषयांत कशी आहेत. ती सगळीकडे वरचढ असतील तर त्या विषयाची सरासरी वर जाते. थोडक्यात विषय जड की हलका हे कुणी ठरवत नाही, त्या वर्गातली संगत ठरवते. आणि मुख्य गोष्ट, त्या विषयात तुमच्या मुलीच्या पुढे कोण आणि मागे कोण, ही रांग स्केलिंगनं बदलत नाही. रांगेत ती मागे असेल तर 'वर स्केल' होणाऱ्या विषयाचाही तिला काही उपयोग नाही.

आमचं तेच झालं. फिजिक्स स्केल होतं म्हणून घ्यायला लावलं. शाळेतल्या पहिल्या चाचणीत ३४ मुलांत हा ३१ वा. इथे शाळेतल्या वर्षभराच्या मूल्यमापनाला निम्मं वजन आणि बोर्डाच्या परीक्षेला निम्मं. त्यात शाळेनं दिलेले मार्क जसेच्या तसे जात नाहीत. शाळेच्या सगळ्या मुलांनी मिळून बोर्डाच्या पेपरात जे मार्क काढले, त्या मापात ते बसवतात. मुलांचा क्रम आणि त्यांच्यातलं अंतर मात्र शाळेचंच राहतं. म्हणजे शाळेनं सढळ हातानं ९० वाटले तरी उपयोग नाही, आणि हात आखडता घेतला तरी नुकसान नाही. क्रमांक सांभाळायचा. ३१ व्या क्रमांकाचं काय सांभाळणार? टर्मभर रोज रात्री फिजिक्सवरून वाद, शेवटी सोडलं. तोवर त्याच्या हातचं इकॉनॉमिक्स गेलं होतं, मधूनच घेता येत नाही म्हणाले.

— गवती चहा

*

गवती चहांशी सहमत. एक भर घालते. बारावीनंतर विद्यापीठ प्रवेशासाठी जो एटार मिळतो, तो म्हणजे मार्क नव्हेत, हे आधी घरात सगळ्यांच्या गळी उतरवा. आपल्या डोक्यात ७५ म्हणजे डिस्टिंक्शन बसलेलं असतं. एटार हा क्रम आहे, ०.०५ च्या पायऱ्यांनी वर ९९.९५ पर्यंत. ८० आला म्हणजे तुमच्या वयाच्या सगळ्या मुलांत, म्हणजे मध्येच शाळा सोडलेलीही धरून, वरच्या २० टक्क्यांत. ज्यांना एटार मिळतो त्यांच्यातला अगदी मधला मुलगा साधारण ७० वर असतो. आमच्या सासूबाईंना नातवाचा ८३ ऐकून वाईट वाटलं होतं. "थोडक्यात हुकलं रे," म्हणाल्या. काय हुकलं ते त्यांनाच माहीत.

हिशोबात इंग्रजीची २ युनिटं धरतातच, बाकीच्यातली सर्वांत चांगली ८. म्हणजे बारावीला १० पेक्षा जास्त युनिटं ठेवली तर सगळ्यात पडलेला विषय आपोआप बाहेर. तेव्हा आर्टला इतकं घाबरायचं कारण नाही.

पण आर्टचं काम कमी असतं अशा भ्रमात राहू नका. निम्मे मार्क लेखी पेपरला आणि निम्मे 'बॉडी ऑफ वर्क'ला, म्हणजे मुलीनं स्वतः केलेल्या कलाकृतींना. ते काम बारावीत महिनोन्‌महिने चालतं आणि लेखी परीक्षेच्या आधीच द्यावं लागतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर सहा महिने मेण आणि तांब्याची तार होती, आम्ही सोफ्यावर ताटं घेऊन जेवायचो. मुलीला याची आवड आहे की फक्त चित्रं बरी येतात, हे तिलाच विचारा.

— पैंजण

*

हिंदी घ्या की! शनिवारच्या शाळेत शिकवतात, एचएससीला चालतं. आपल्या मुलांना फुकटचे मार्क.

— मस्कापाव

*

मस्कापाव, फुकटचे कुठले? माझ्या लेकीला सिनेमातलं हिंदी येतं, देवनागरीत निबंध लिही म्हटलं की 'कि' आणि 'की'मध्ये रडते. शिवाय वर्गात लखनौ-दिल्लीची घरात हिंदी बोलणारी मुलं. परत तीच रांग! मराठी असती तर गोष्ट वेगळी, पण ती एचएससीला नाही.

— गवती चहा

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री धागा नवऱ्याला वाचायला दिला. ३१ व्या क्रमांकाशी तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "मी केलेला तक्ता मागच्या वर्षीच्या मुलांचा आहे ना?" हो म्हटलं. लॅपटॉप मिटला.

लेकीला पैंजणताईंचा प्रश्न विचारला. ती काही बोलली नाही, खोलीतून वही आणून दिली. आमच्या स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या लोकांचे नुसते हात काढलेत, पानामागून पान. पिशवी धरलेले, फोनवरचे, एका आजींचे मांडीवर ठेवलेले. तारखा बघितल्या तर आठवीपासूनच्या. मला पत्ताच नव्हता.

तर ठरलं असं: तिची यादी तिची. गणिताचं एक्स्टेन्शन वन मात्र अकरावीला घेऊन बघायचं, म्हणजे १३ युनिटं. कारण करिअर ॲडव्हायझर म्हणाल्या की नंतर सोडता येतं, पण अकरावीला घेतलं नाही तर बारावीला ते दार बंद. हे तिनं स्वतःच कबूल केलं, "पण बाबांनी शिकवायचं नाही" या अटीवर. फॉर्मची नवी प्रत छापली, जुनीला खरंच भोक पडलं होतं. या वेळी पेनानं भरला.

आता एक उपप्रश्न, जाणकारांनी सांगावं. नवऱ्याने आम्हाला न विचारता एका क्लासमध्ये फिजिक्सची पुढच्या टर्मची फी भरून ठेवली होती, हे आज सकाळी कळलं. पावतीवर 'नॉन-रिफंडेबल' आहे. तरी ती केमिस्ट्रीकडे वळवून मिळते का? कुणाला अनुभव?

— रानजाई