लाकूड, सूर आणि डोंगर : आपल्या मित्राच्या आठवणी

आपण सगळे त्याला वेगवेगळ्या वाटांनी ओळखत होतो, म्हणून प्रत्येकाकडचे अनुभव एके ठिकाणी यावेत अशी त्याच्या घरच्यांची इच्छा आहे आणि हे आवाहन मी त्यांच्या वतीने करीत आहे. तिशी गाठण्याआधीच आजाराने तो गेला. डोंगरात फिरणारा तरुण गेला असे कळल्यावर अनेकांनी अपघाताचा तर्क केला, त्यामुळे हे स्पष्ट लिहितो की त्याला डोंगरात कधीही इजा झालेली नव्हती. माझी विनंती एवढीच आहे की तो फार चांगला होता, एवढ्यावर कोणी थांबू नये. तो काय करीत असे आणि कसे करीत असे, ते लिहावे.

सुरुवात मी करतो. आमची ओळख गिटारमुळे झाली आणि त्याची पहिली गिटार आकाराला येताना मी शेजारी बसून पाहिली. गिटारच्या वरच्या पाटीची जाडी साधारण अडीच ते तीन मिलिमीटर असते. ती जास्त राहिली तर आवाज दबतो आणि फार कमी झाली तर पाटी वाकते, कारण पोलादी तारांची एकत्रित ओढ ७० किलोच्या आसपास जाते. मोजपट्टीवर जाडी बरोबर आली तरी त्याचे समाधान होत नसे. पाटी दोन बोटांत वरच्या कडेला अलगद धरायची, मध्यभागी टिचकी मारायची, कान लावायचा, रंध्याचे एक-दोन हात फिरवायचे आणि पुन्हा टिचकी मारायची, असे त्याचे चालू राही. टिचकीचा आवाज आखूड आणि बसका न येता थोडा वेळ घुमू लागला की तो रंधा खाली ठेवी आणि मग कोणी कितीही म्हटले तरी त्या पाटीला हात लावीत नसे. कुठे थांबायचे हे ऐकून ठरवण्याची ही सवय मला त्याच्या वाजवण्यातही दिसली. दोन स्वरांमधली जागा भरून काढण्याची घाई त्याला नव्हती.

त्याला सुतारकाम शिकवणारे लिहितात

माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक मुले पहिल्याच आठवड्यात काहीतरी बनवून घरी नेऊ पाहतात. याला मी फक्त पटाश्या आणि रंध्याची पाती धार लावायला दिली आणि त्याने एकदाही पुढचे काम मागितले नाही. धार लागली की नाही हे तो मऊ लाकडाच्या आडव्या तंतूंवर पाते चालवून पाही, कारण बोथट पाते तिथे तंतू चेपते आणि धारदार पाते स्वच्छ कापते.

लाकूड तोडल्यानंतरही हलत राहते, ही गोष्ट त्याला फार भावली होती. हवेतला ओलावा वाढला की ते फुगते, हवा कोरडी झाली की आक्रसते. लांबीच्या दिशेने हा फरक जवळजवळ नसतोच. रुंदीत मात्र तो भरपूर असतो आणि खोडातल्या वाढीच्या वलयांना समांतर दिशेत तो गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असतो. म्हणून वाद्यासाठी फळी अशी कापून घेतात की वलये तिच्या पृष्ठभागाला उभी राहतील. हे मी त्याला एकदाच सांगितले. पुढच्या खेपेला आला तेव्हा त्याने टाकाऊ तुकडे दोन्ही प्रकारे कापून, कोरड्या आणि दमट जागी ठेवून त्यांची मापे टिपून आणली होती. सांगितलेले मान्य करूनही स्वतः पडताळणारा विद्यार्थी शिकवणाऱ्याला फार क्वचित मिळतो, आणि म्हणूनच त्याच्या जाण्याने माझे जे गेले आहे ते मी अजून नीट मोजू शकलेलो नाही.

डोंगरातला सोबती लिहितो

आम्ही दोघे अनेक चढाया एकत्र केल्या. त्यांतली एक सांगतो, कारण आज मी लिहू शकतो आहे ते तिच्यामुळे.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा फारशी वाढवू नये, हा नियम तो कटाक्षाने पाळी. हवामान बिघडण्याआधी शिखर गाठावे म्हणून गटातले इतर एक मुक्काम गाळायला निघाले, तेव्हाही त्याने आपला वेग बदलला नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो आणि शरीराला ते शिकायला वेळ द्यावाच लागतो, असे तो म्हणे. तरीही वरच्या छावणीत मला डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली. सकाळी त्याने मला बर्फावर एक सरळ रेघ आखून दिली आणि एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटे लावत तिच्यावरून चालायला सांगितले. मी दोनदा बाजूला झुकलो. तोल जाणे हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर पहिला उपाय खाली उतरणे हाच असतो. आकाश निरभ्र होते, शिखर समोर दिसत होते आणि तो स्वतः पूर्ण ठणठणीत होता. त्याने काहीही चर्चा न करता माझी पिशवी आपल्या पिशवीवर बांधली, दोर जोडला आणि आम्ही उतरू लागलो. बरेच खाली आल्यावर माझे डोके मोकळे झाले. त्या शिखराचा विषय त्याने माझ्यासमोर पुन्हा काढला नाही, आणि त्या न काढण्यात किती माया होती हे मला ठाऊक आहे.

छावणीतले त्याचे संगीतही लिहिलेच पाहिजे. थंडीत गिटारच्या तारा आकसून सूर चढतो, तर बासरीतली हवा थंड झाल्याने बासरीचा सूर उतरतो, त्यामुळे दोन्ही वाद्ये संध्याकाळी एकमेकांशी जुळत नसत. तो बासरी जाकिटाच्या आत, छातीशी धरून ठेवी आणि ती ऊबदार झाल्यावरच गिटार तिच्याशी जुळवून घ्यायला सांगे. एकदम फुंकलेल्या गरम श्वासाने गार लाकूड तडकू शकते, हे त्यामागचे दुसरे कारण होते.

त्याच्याकडे गिटार शिकलेली एक विद्यार्थिनी

माझी बोटे लहान आहेत म्हणून मला जमणार नाही, असे आधी एकांनी सांगितले होते. त्याने माझा हात कागदावर ठेवून बाह्यरेषा काढली आणि माझ्या गिटारची मान घासून बारीक करून दिली. मला एवढेच लिहायचे आहे.

धाकटी बहीण

दादाच्या खोलीत स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा एक तुकडा कायम असे. लहानपणी मी एका टोकाला कान लावायचे आणि तो दुसऱ्या टोकाला नखाने खरवडायचा. तंतूंच्या दिशेने या लाकडातून ध्वनी हवेतल्यापेक्षा सुमारे पंधरापट वेगाने जातो, हे त्याने मला शाळेत असताना सांगितले होते. हलके असूनही ताठ असल्यामुळेच व्हायोलिन आणि गिटारच्या वरच्या पाटीसाठी ते निवडतात. उंचावरच्या थंडीत झाड सावकाश वाढते, वलये अगदी जवळजवळ पडतात आणि लाकूड एकसारखे होते. त्याला डोंगर का आवडतात, असे कोणी विचारले की तो हीच माहिती सांगत असे, आणि ऐकणाऱ्याला ते उत्तर वाटत नसे. मला मात्र ते पुरेसे वाटते.

उत्तर इटलीतील फिएम्मे खोऱ्यातले स्प्रूसचे जंगल पाहायचे, हे त्याचे मोठे स्वप्न होते. इटलीतल्याच क्रेमोना शहरातल्या जुन्या वाद्यकारांशी, विशेषतः व्हायोलिनसाठी प्रसिद्ध असलेल्या स्त्रादिव्हारीशी त्या जंगलाचे नाव जोडले जाते. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या वादळाने त्या भागातली असंख्य झाडे आडवी केली, तेव्हा तो कित्येक दिवस अस्वस्थ होता आणि पडलेल्या खोडांपैकी वाद्यांच्या योग्यतेची खोडे वेळेत उचलली जातील का, याची चौकशी करीत होता. त्याला तिथे जाता आले नाही. मला हे अजून सहन होत नाही आणि ते लपवण्याची मला गरजही वाटत नाही.

वाद्यदुरुस्ती करणारा एक मित्र

त्याने बनवलेली एक गिटार आतली पट्टी सुटल्यामुळे माझ्याकडे आली. पाठ उघडावी लागणार होती. त्याने आधुनिक गोंद न वापरता प्राण्यांच्या कातड्यापासून बनणारा सरस वापरला होता, म्हणून ऊब आणि ओलावा देऊन पातळ सुरी फिरवताच सांधा लाकूड न दुखावता सुटला. सरस वापरणे कटकटीचे असते, कारण तो सतत गरम ठेवावा लागतो आणि थंड होण्याआधी तुकडे जागी बसवावे लागतात. पण सरसाने चिकटवलेले वाद्य पुढचा कारागीर उघडू शकतो. आपल्यानंतर हे कोणीतरी दुरुस्त करील, हे गृहीत धरून त्याने काम केले होते. मीही पट्टी सरसानेच बसवली आहे.

त्याचे वडील

तुम्ही लिहिलेले सगळे आम्ही दोघांनी मिळून वाचले. आम्हाला माहीत नसलेले पुष्कळ त्यात आहे.

त्याच्या फळ्यांविषयी लिहितो. मागच्या खोलीत त्याने बऱ्याच फळ्या हवेवर वाळत ठेवल्या आहेत. मध्ये पट्ट्या घालून त्या रचल्या आहेत आणि टोकांतून ओल लवकर निघून लाकूड चिरते म्हणून टोकांना रंग लावला आहे. प्रत्येकीवर रचल्याची तारीख आहे. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, असा त्याचा हिशेब होता. काही फळ्या आता तयार झाल्या आहेत. तुमच्यापैकी जो कोणी वाद्य किंवा घरातली वस्तू स्वतःच्या हाताने करणार असेल, त्याने त्या घेऊन जाव्यात. आधी कळवून या, म्हणजे मी खोली उघडून ठेवीन. भिंतीकडच्या ओळीतल्या फळ्या आधी न्याव्यात. दाराजवळच्या अजून ओल्या आहेत.