पोरगी लीड्सला चालली, मिरचीचा स्प्रे नेता येत नाही म्हणतात. मग तिनं स्वतःला राखायचं कसं?

तासगावचा बागायतदार

नमस्कार मंडळी. थोरली पोरगी सप्टेंबरात एम.एस्सी.ला इंग्लंडात लीड्सला चालली आहे. व्हिसा झाला, कर्ज झालं, दोन बागांतली एक बँकेकडं गहाण पडली, ते असो. परवा बॅग भरायला घेतली. आईनं कांदा-लसूण मसाला भरला, मी सांगलीहून भडंग आणलं आणि मिरजेत घेतलेला मिरचीचा स्प्रे गुपचूप स्वेटरच्या घडीत सरकवला. तिनं तो लगेच बाहेर काढला आणि म्हणाली, "पप्पा, हा सापडला तर मलाच आत टाकतील."

मला खोटं वाटलं. तिच्या पुढच्या वर्षाच्या एका मुलीला फोन लावला, तर तीही तेच म्हणाली. वर सांगितलं की तिथल्या रस्त्यावरच्या पोलिसाकडं पिस्तूल नसतं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

पोलिसाकडं हत्यार नाही, पोरीकडंही नाही. मग उरलं कुणाकडं? ज्याला कायद्याचं सोयरसुतक नाही त्याच्याकडंच की! आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा रात्रीची असते. दोन वाजता पाणी धरायला जाताना माझ्या हातात बॅटरी असते, काठी असते, पुढं कुत्रं असतं. मागच्या उन्हाळ्यात मोटारीची केबल दोनदा कापून नेली. ठाण्यात गेलो तर कागदावर लिहून घेतलं, तेवढंच. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की आपलं आपणच राखावं लागतं. आणि पोरगी शनिवार-रविवार हॉटेलात काम करणार, शेवटच्या बसनं येणार, पुढं पंधरा मिनिटं चालणार. डिसेंबरात तिकडं चारच्या आत अंधार पडतो म्हणे.

तिकडं राहिलेल्या कुणी खरं काय ते सांगा. उगाच धीर देऊ नका.

मिरजेची सिस्टर, सध्या ब्रॅडफर्ड

काका, मी तुमच्या पोरीपासून ट्रेननं वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. सात वर्षं इथं रात्रपाळी करते, त्यामुळं या विषयावर मला बोलायचा थोडा हक्क आहे.

स्प्रे खरंच पाठवू नका. १९६८ च्या इथल्या बंदूक कायद्याच्या कलम ५ मध्ये तो बसतो, म्हणजे मशीनगनच्या पंगतीत. गंमत अशी की इथला पोलीस मात्र तसलाच स्प्रे कमरेला लावून फिरतो. शिवाय झटका दिला की लांब होणारी काठी असते, बेड्या असतात, बऱ्याच जणांकडं विजेचा झटका देणारा टेझर असतो. पिस्तूल तेवढं नसतं. बंदूकवाल्या तुकड्या वेगळ्या, त्या गाड्यांतून फिरतात आणि बोलावलं की येतात. उत्तर आयर्लंडात मात्र सगळेच पोलीस पिस्तूलवाले.

तुमची शंका खुळी नाही. जून २०१७ मध्ये लंडन ब्रिजवर तिघांनी आधी लोकांवर गाडी घातली आणि मग सुरे घेऊन उतरले. पहिल्या फोननंतर आठ मिनिटांत बंदूकवाल्या पोलिसांनी तिघांनाही मारलं. एवढ्या लवकर कुठं होतं सांगा. पण त्या आठ मिनिटांत एक पोलीस नुसती काठी घेऊन त्यांच्यावर धावून गेला होता. त्याला भोसकलं, नशिबानं वाचला. आठ माणसं गेली.

आता चाकूचं. घडीचा, लॉक न होणारा आणि तीन इंचांच्या आतल्या पात्याचा चाकू खिशात चालतो. पण पोलिसानं विचारलं आणि ती म्हणाली की स्वतःला राखायला ठेवलाय, तर तोच चाकू हत्यार ठरतो आणि गुन्हा होतो. शीख माणसाला धर्मासाठी कृपाण चालते, आपल्याला भीतीसाठी काही चालत नाही. हे मलाही पहिली दोन वर्षं पटलं नव्हतं. आजही सगळं पटतं असं नाही.

पण हात बांधलेले नाहीत. कुणी अंगावर आलाच तर हाताला लागेल ते वापरता येतं. छत्री, किल्ल्यांचा जुडगा, गरम कॉफी. त्यानं आधी मारायची वाटही बघायला नको, आता हा मारणार असं खरोखर वाटलं तरी पुरतं. त्या क्षणी जेवढं गरजेचं वाटलं तेवढंच बळ वापरलं का, हे कोर्ट बघतं.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. तिसऱ्या वर्षी रात्री अकराला बसमधून उतरले, तर एक प्यालेला माणूस मागं लागला. मी पळाले नाही, घराकडंही वळले नाही, त्याला घर दाखवायचं नव्हतं. कोपऱ्यावर मासे-चिप्सचं दुकान उघडं होतं, तिथं शिरले. मालक मूळचा पाकव्याप्त काश्मीरातल्या मीरपूरचा. त्यानं शटर अर्धं ओढलं, मला आत बसवलं, चहा दिला आणि स्वतः दारात उभा राहिला. पोलीस पंचवीस मिनिटांनी आले, तोवर तो माणूस केव्हाच गेला होता. मिरज आणि मीरपूर यावरून आमची नंतर चांगली ओळख झाली, ईदला शीरखुर्मा येतो.

पोरीला एवढं करायला सांगा. किल्लीला लावायचा अलार्म घ्या, खुंटी ओढली की कर्कश ओरडतो आणि तो कायदेशीर आहे. संकटात ९९९ लावायचा. बोलता येत नसेल तर आधी खोकावं, नाहीतर मोबाईलवर टकटक करावी, आणि सूचना ऐकू आली की ५५ दाबायचं. म्हणजे फोन पोलिसांकडं जातो. पण ५५ नं ती कुठं आहे ते त्यांना आपोआप कळत नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसवा. आणि हॉटेलात कामाला आहे म्हणून सांगते, बऱ्याच बारमध्ये कुणी त्रास देत असेल तर काउंटरवर जाऊन "अँजेला आहे का?" एवढं विचारायचं, लोक समजतात.

वाळव्याचा गडी

कशाला ते इंग्लंड? अमेरिकेला पाठवायची. तिथं पोलिसाकडं पिस्तूल, पोरीच्या पर्समध्येही पिस्तूल. विषय संपला.

कराडकर, सध्या डॅलस

विषय संपत नाही भाऊ. माझ्या शेजाऱ्याकडं सहा बंदुका आहेत आणि मला त्याच्या अंगणात चेंडू आणायला जायची भीती वाटते. पोलिसाकडं पिस्तूल आहे म्हणून तो तुमच्यासाठी बांधील आहे असंही नाही. १९९९ मध्ये कोलोरॅडोत एका बाईनं कोर्टाकडून मनाई हुकूम घेतलेला असताना नवऱ्यानं तिच्या तीन मुली नेल्या. ती रात्रभर पोलिसांना फोन करत होती. तिन्ही मुली मारल्या गेल्या. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये निकाल लागला की तो हुकूम पोलिसांनी अमलात आणलाच पाहिजे असा घटनात्मक हक्क तिला नव्हता. म्हणजे हत्यारबंद पोलीस असूनही शेवटी तुमचं तुम्हीच.

निवृत्त सुभेदार, मेढा

पाव्हणं, चोवीस वर्षं हातात रायफल होती. घरी आल्यावर परवाना काढून बारा बोअर घेतली आणि नऊ वर्षं बँकेच्या दारात उभा राहिलो. एकदाही चालवली नाही. घरात म्हणाल तर बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं माळ्यावर आणि कपाटाची किल्ली हिच्या पिशवीत. एका रात्री गोठ्यात खुडबुड झाली. किल्ली सापडेपर्यंत चोर बोकड घेऊन घाट उतरला. बंदूक आहे म्हणून गडी गाफील झोपतो, हे मी स्वतःवरून सांगतो. त्यापेक्षा पूर्वीचं कुत्रं बरं होतं.

दुसरं असं की बिनहत्यारी पोलीस हे परदेशातलं नवल नाही. तुमच्या तासगावच्या चौकात उभा असतो त्याच्याकडं तरी काय असतं? काठीच की. आमच्या जावळीतलं केडंबे म्हणजे तुकाराम ओंबळे यांचं गाव. आधी फौजेत, मग मुंबई पोलिसांत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीला काठी घेऊनच उभे होते. कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि नळी सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. पुढं अशोकचक्र मिळालं. आमच्याकडं पोरं भरतीच्या पळण्याला निघतात तेव्हा त्यांचं नाव घेतात.

पण मी ते अभिमानानं सांगतो, नियम म्हणून नाही. ओंबळ्यांच्या हातात त्या रात्री चांगलं हत्यार असायला हवं होतं असं माझं मत आहे, आणि ते कुणाला बोचलं तर बोचू दे. पोरीला सांगा, पर्स मागितली तर टाकून द्यायची आणि उलट्या दिशेला पळायचं. माघार घेणं आम्हाला फौजेतही शिकवत होते.

सांगलीचा वकील

बागायतदारसाहेब, पोरीचं सिस्टरनी सांगितलं. मी तुमचं सांगतो, कारण केबलचोरीचा राग तुमच्या लिहिण्यात दिसतो.

स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याकडं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तोच दंडसंहितेत ९६ ते १०६ होता. जिवावर बेतलं, बलात्काराचा किंवा अॅसिडचा हल्ला असेल, तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत तो हक्क जातो. पण उघड्या रानातल्या साध्या चोरीसाठी जात नाही, आणि पोलिसांकडं जायला वेळ असेल तर तो मिळतच नाही. काही लोक कुंपणाला करंट सोडतात. त्याला स्वसंरक्षण म्हणत नाहीत. त्यात माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो.

इंग्लंडातही तुमच्यासारखाच एक शेतकरी होता, नॉरफोकमधला. चोऱ्यांना कंटाळलेला. १९९९ मध्ये रात्री घरात शिरलेल्या चोरांवर त्यानं विनापरवाना बंदूक झाडली, त्यात सोळा वर्षांचा पोरगा मेला. गोळी पाठीत लागली होती. आधी खुनासाठी जन्मठेप झाली, २००१ मध्ये अपिलात ते सदोष मनुष्यवधावर आलं. अर्धा देश त्याच्या बाजूनं होता.

जाता जाता, लंडनचे पोलीस १८२९ मध्ये सुरू झाले तेव्हा लाल डगला मुद्दाम टाळून निळा दिला, लोकांना लष्कर वाटू नये म्हणून. जवळ लाकडी दंडुका आणि एक खुळखुळा. अडचण आली की तो खुळखुळा वाजवून मदत बोलवायची.

तासगावचा बागायतदार

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, करंट मी सोडलेला नाही, पण मनात आलं होतं हे कबूल करतो.

अलार्म मागवला. काल संध्याकाळी आला म्हणून अंगणात खुंटी ओढून बघितली. काय तो आवाज! कुत्रं बागेत पळालं ते रात्री जेवायलाच आलं. बंद कसा करायचा ते कळेना. तेवढ्यात शेजारचा चुलतभाऊ हातात कुऱ्हाड घेऊन धावत आला. बांधावरून दोन वर्षं आमचं बोलणं बंद आहे. "काय झालं रं?" म्हणाला. मी म्हटलं, अलार्म तपासतोय. त्यानं आधी शिवी घातली, मग खुंटी परत आत बसवून दिली आणि चहा घेऊन गेला. बांधाचं काही बोललो नाही.

स्प्रे हिनं घेतला, सकाळी फिरायला जाताना नेते. लीड्सबद्दल मी अजून पूर्ण निर्धास्त झालेलो नाही. सिस्टर, पोरगी राहणार आहे तिकडं रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं एखादं दुकान माहीत आहे का?

मिरजेची सिस्टर, सध्या ब्रॅडफर्ड

काका, ती उतरली की मला मेसेज करायला सांगा. पहिल्या रविवारी मी तिकडं येते, दोघी मिळून बसस्टॉपपासून घरापर्यंत चालून बघू आणि दुकानं हेरून ठेवू. भडंग दोन पाकिटं जास्त बांधा, एक मीरपूरवाल्याला.