स्थानिक संगीत रेडिओ केंद्रे अजून टिकून कशी?

प्रश्न

1950च्या दशकात अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली तेव्हा, 1981 साली एमटीव्ही सुरू झाली तेव्हा आणि पुढे हवे ते गाणे मोबाइलवर ऐकता येऊ लागले तेव्हाही, संगीत रेडिओचे दिवस भरले असे सांगितले गेले. तरीही एखाद्या शहरापुरते ऐकू येणारे आणि दिवसभर गाणी लावणारे केंद्र आज बहुतेक देशांत सापडते. दुसऱ्याने निवडलेली गाणी लोक अजून का ऐकतात, हा प्रश्न आहेच. परंतु भरपूर श्रोते असलेली काही केंद्रे बंद पडतात आणि मोजके श्रोते असलेली काही केंद्रे दशकानुदशके चालतात, हे मला अधिक कोड्यात टाकते. यामागची आर्थिक आणि तांत्रिक कारणे जाणकारांनी सांगावीत. ‘रेडिओची मजाच वेगळी’ या धर्तीची उत्तरे कृपया टाळावीत.

पहिला प्रतिसाद

सुरुवात खर्चापासून करू, कारण बरेचसे उत्तर तिथेच आहे. एफएम प्रक्षेपकाच्या टप्प्यात शंभर रेडिओ संच चालू असोत वा एक लाख, त्याचे वीजबिल तेवढेच येते. इंटरनेटवरून प्रसारण करताना मात्र प्रत्येक श्रोत्यापर्यंत ध्वनीचा स्वतंत्र प्रवाह पोहोचवावा लागतो. त्यात रॉयल्टीची भर पडते. अमेरिकेत एफएमवर गाणे वाजवल्यास गीतकार आणि संगीतकार यांच्या हक्कांचे पैसे द्यावे लागतात, ध्वनिमुद्रणाचे नाही. तेच गाणे इंटरनेटवरून ऐकवले, तर ध्वनिमुद्रणाचेही पैसे लागतात आणि त्यांचा हिशोब दर गाण्यामागे, दर श्रोत्यागणिक होतो. म्हणजे एकीकडे श्रोते वाढले की दरडोई खर्च घटतो आणि दुसरीकडे श्रोते वाढतील तसे देणे वाढत जाते. लहान केंद्राला हा फरक जगवतो.

दुसरे कारण लहरींच्या स्वभावात आहे. बहुतेक देशांत एफएमसाठी 87.5 ते 108 मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आहे, आणि या लहरी साधारणपणे दृष्टिरेषेच्या फार पलीकडे जात नाहीत. त्यामुळे एका शहरात मोजक्याच केंद्रांना जागा मिळते आणि दूरचे मोठे केंद्र त्यांच्या आवाजावर कुरघोडी करू शकत नाही. शिवाय ज्याचा व्यवसाय त्याच शहरात आहे, त्या जाहिरातदाराला शहराबाहेरच्या कानांसाठी पैसे मोजायचेच नसतात. ज्याला आपण मर्यादा म्हणतो, तोच या केंद्रांचा तटबंद बाजार आहे.

नॉर्वेचे उदाहरण बोलके आहे. 2017 मध्ये तिथल्या राष्ट्रीय वाहिन्या एफएम सोडून डिजिटल प्रसारणावर गेल्या. परंतु बहुसंख्य लहान स्थानिक केंद्रांना एफएमवरच राहू देण्यात आले.

दुसरा प्रतिसाद

वरील मांडणी पटते, पण तिने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. प्रसारण इतके स्वस्त असेल, तर श्रोते असलेली केंद्रे का बुडतात? माझे उत्तर असे की अनेकदा त्यांना स्पर्धेपेक्षा कर्ज अधिक नडते.

अमेरिकेत 1996च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाला देशभरात 40 केंद्रे ही मर्यादा काढून टाकली. त्यानंतर काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे बाराशेहून अधिक केंद्रे आली. 2008 साली ती कंपनी प्रचंड कर्ज काढून विकत घेतली गेली आणि आयहार्टमीडिया हे नवे नाव घेतल्यानंतर, सुमारे 20 अब्ज डॉलरच्या कर्जाखाली, मार्च 2018 मध्ये तिने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. तिची केंद्रे त्या काळातही वाजत होती आणि ऐकलीही जात होती. असे व्याज भागवायचे म्हटले की पहिली कुऱ्हाड निवेदकांवर पडते: एकाच ठिकाणी बसलेला माणूस अनेक शहरांसाठी बोलणे आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवतो आणि संगणक ते गाण्यांच्या मधे पेरतो.

ब्रिटनमध्येही स्थानिक कार्यक्रमांविषयीचे नियम शिथिल झाल्यावर ग्लोबल या कंपनीने 2019 साली हार्ट, कॅपिटल आणि स्मूथ या आपल्या रेडिओ जाळ्यांचे ठिकठिकाणचे सकाळचे कार्यक्रम बंद करून प्रत्येक जाळ्यावर देशभर एकच कार्यक्रम लावला. पुढल्याच वर्षी बाउअर कंपनीने विकत घेतलेली अनेक स्थानिक केंद्रे ग्रेटेस्ट हिट्स रेडिओच्या जाळ्यात विलीन झाली. अशी केंद्रे आकडेवारीत जिवंत धरायची की मृत, हे आधी ठरवावे लागेल.

तिसरा प्रतिसाद

दोघांनीही श्रोत्यांना गृहीत धरले आहे. माझ्या मते आजवर बराचसा आधार मोटारीने दिला: गाडी सुरू केली की रेडिओ लागतो, निवड करावी लागत नाही आणि हात सुकाणूवरच राहतात. ही सोय आता हातची जात आहे, कारण नव्या गाड्यांच्या पडद्यावर रेडिओ इतर अनेक पर्यायांच्या मागे ढकलला जातो. काही विजेवरच्या गाड्यांतून तर मोटरमुळे होणाऱ्या व्यत्ययाचे कारण देऊन एएम या जुन्या पद्धतीच्या रेडिओचे संच काढूनच टाकले गेले. एफएमवर अद्याप सर्रास ती वेळ आलेली नाही. पण ज्या पिढीने रेडिओ लावण्याची सवयच लावून घेतली नाही, तिला स्वस्त प्रक्षेपकाचे काय कौतुक?

प्रश्नकर्ता

तिसरी शंका रास्त आहे. मग जाहिराती नसलेली आणि श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारी केंद्रे कोणत्या गणितात बसतात?

पहिला प्रतिसादक

त्यांना सर्वांनी ऐकण्याची गरज नसते. थोड्यांनी पैसे देण्याइतके मनापासून ऐकले तरी पुरते. न्यू जर्सीतील डब्ल्यूएफएमयू हे केंद्र 1958 साली एका महाविद्यालयात सुरू झाले. 1995 मध्ये महाविद्यालय बंद पडले, केंद्र मात्र आजही चालू आहे, कारण त्याआधीच त्याचा परवाना एका स्वतंत्र ना-नफा संस्थेकडे गेला होता. निवेदकाला हवे ते लावण्याची मुभा हेच त्याचे भांडवल आहे.

सिअॅटलचे केईएक्सपी 1972 साली अवघ्या 10 वॉटवर सुरू झाले आणि पुढे स्टुडिओतील मैफलींच्या चित्रफितींमुळे जगभर पोहोचले. इंटरनेटवर एवढा श्रोतृवर्ग असतानाही या केंद्राने सॅन फ्रान्सिस्को परिसरातील 92.7 ही एफएम फ्रिक्वेन्सी लिलावात घेतली आणि 2024 मध्ये तिथून प्रसारण सुरू केले.

दुसरा प्रतिसादक

म्हणजे एका शहराचे केंद्र दुसऱ्या शहरात वाजू लागले. हेच एखाद्या व्यापारी कंपनीने केले असते तर आपण त्याला गिळंकृत करणे म्हटले असते. तिथल्या कलाकारांना त्या प्रसारणात किती वेळ मिळतो, हे पाहिल्याशिवाय मी तरी ते यशाच्या रकान्यात टाकणार नाही.