जुगाराचं व्यसन: घरात कसं लक्षात आलं, मदत कुठे मिळाली?

पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली. आमच्या नात्यातला एकजण तरीही थांबलेला नाही, बुकीकडे वळलाय. म्हणून हा धागा. ‘मनावर ताबा हवा’ वगैरे नको. नेमकं काय दिसलं आणि कशाने फरक पडला, ते लिहा.

मंजिरी_नाशिक
नवरा पगार उशिरा होतो म्हणायचा, मला पटायचं. दारूचा वास तरी येतो, रमीचा येत नाही. फोन घेऊन तासभर बाथरूममध्ये, जेवता जेवता उठणं, हरला की मुलांवर खेकसणं. मग एकदा बँकेचं स्टेटमेंट हाती लागलं: रात्री दोन-अडीचला पाचशे-पाचशेच्या ओळी.

सासऱ्यांनी एफडी मोडून सगळं देणं फेडलं. सुटलो वाटलं. पण कार्ड मोकळं झालं म्हणजे त्याच्या लेखी खेळायला पैसे आले! समुपदेशक ताईंनी पहिल्याच भेटीत बजावलं, देणं तुम्ही भरू नका, त्यालाच हप्त्याने भरू दे. आता पगार माझ्या खात्यात, त्याच्या फोनवर यूपीआय नाही. सासूबाई म्हणतात, पोराला भिकाऱ्यासारखे शंभर रुपये मोजून देतेस. देते.

लालबागकर
आमचे आजोबा गिरणीत, आणि मटक्यात. १९६२ साली कल्याणजी भगतने वरळीला मटका सुरू केला, तेव्हापासूनचे गिऱ्हाईक. स्वप्नात साप दिसला तरी आकडा, बसचा नंबर तरी आकडा. कुणी गेल्याचा निरोप आला की आधी वय विचारत. डॉक्टरकडे न्यावं, हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

अनुराधा के
आमचं जरा वेगळं. बाबांना पार्किन्सन्स. आयुष्यभर भाजीवालीकडचे सुटे पैसे मोजून घेणारा माणूस अचानक लॉटरीची तिकिटं गठ्ठ्याने आणायला लागला. आम्ही म्हातारचळ समजलो. न्यूरॉलॉजिस्टना सहज सांगितलं, तर ते म्हणाले, प्रामिपेक्सोल या पार्किन्सन्सच्या गोळीने काहींना असं होतं. डोस हळूहळू कमी केल्यावर तिकिटं थांबली. गोळी आपल्या मनाने बंद करू नका मात्र.

सुमेध
भावाला जुगारी म्हटलं की भडकायचा. ‘मी ऑप्शन्स ट्रेडिंग करतो.’ शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अहवालात तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते. तो म्हणे, मी उरलेल्या सातात. गेलेलं भरून काढायला दुप्पट लावणं, मित्रांकडे खोटी कारणं सांगून उसनवारी, सगळं मटक्यासारखंच.

ओपीडीतली
मानसोपचार विभागात काम करते. आम्ही आधी दोन प्रश्न विचारतो: रक्कम वाढवत न्यावीशी वाटते का? किती खेळता, याबद्दल जवळच्यांशी खोटं बोलावं लागलंय का? एकालाही ‘हो’ आलं, तर पुढे तपासणं भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत हा आजार म्हणून नोंदलेला आहे. कर्जापायी मरणाची भाषा सुरू झाली, तर माणसाला एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

वैशाली_७७
पण नवरा यायलाच तयार नाही, मग?

मंजिरी_नाशिक
@वैशाली, तुम्ही एकट्या जा. मीही आधी एकटीच जात होते. दागिने मात्र आधी माहेरी ठेवा.