मदत हवी आहे: रिक्षाचं मीटर म्हणजे कमाल किंमत की किमान?

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून बहिःस्थ एम.ए. करतेय, अर्थशास्त्र. गृहपाठ आलाय: सरकारी हस्तक्षेपाचा किंमत आणि कार्यक्षमतेवर होणारा परिणाम, परिसरातलं उदाहरण घेऊन लिहा. ग्रुपवरच्या निम्म्या लोकांनी कांदा उचललाय. मी रिक्षा घेतली, कारण आमच्या घरी तीच आहे. बाबा ठाण्यात रिक्षा चालवतात.

पुस्तकातलं सरळ आहे. सरकारने समतोलाच्या (जिथे मागणी आणि पुरवठा जुळतात त्या किमतीच्या) खाली कमाल किंमत बांधली की टंचाई होते. मी तेच लिहिलं: संध्याकाळी साडेसातला स्टेशनला सॅटिसखालची (स्टेशनबाहेरच्या उंच पुलाखालची) रांग, जवळचं वर्तकनगर म्हटलं की मान फिरवणारे आणि लांबचं घोडबंदर म्हटलं की 'बसा' म्हणणारे. बाबांना वाचून दाखवलं. ते जेवत होते. म्हणाले, "आणि दुपारी अडीचला ये की स्टँडवर. पंधरा गाड्या उभ्या आणि गिऱ्हाईक एक. तेव्हा कुठे जाते तुझी टंचाई?"

तिथे माझी गाडी अडली. भाडं मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवतं. पहिल्या दीड किलोमीटरला 2015 पासून 18 रुपये होते, ते थेट 2021 मध्ये 21 झाले, 2022 मध्ये 23 आणि 1 फेब्रुवारी 2025 पासून 26. मधल्या सहा वर्षांत सीएनजीचा भाव कुठे गेला ते बाबांना विचारू नका, जेवण राहून जातं. पण दिवसभर भाडं एकच, फक्त मध्यरात्रीनंतर पंचवीस टक्के जास्त. मग संध्याकाळी तीच कमाल किंमत आणि दुपारी तीच किमान, असं लिहिलं तर चालेल का? आणि आकृती कशी काढू?

दुसरा प्रश्न जरा घरचा आहे. 1997 पासून नवी परमिटं जवळजवळ बंद होती. बाबांनी 2008 साली परमिटसकट जुनी गाडी घेतली. गाडीपेक्षा परमिटचेच पैसे जास्त पडले, पतपेढीचं कर्ज काढून दिले. 2017 मध्ये सरकारने परमिट खुलं केलं आणि त्या कागदाची किंमत गेली. पुस्तकाप्रमाणे हे चांगलंच झालं, स्पर्धा वाढली. मग भाडं का नाही उतरलं?

पंधरा तारखेला द्यायचंय. कृपया सोप्या मराठीत सांगा.

---

घोडबंदरकर:

बाबांना माझा नमस्कार सांगा, अर्धा गृहपाठ त्यांनीच केलाय. होय, तसं लिहिलेलं चालेल. आकृतीत भाड्याची आडवी रेषा एकच ठेवा आणि मागणीच्या रेषा दोन काढा, दुपारची आणि संध्याकाळची. संध्याकाळच्या समतोलाच्या ती खाली पडेल, दुपारच्या समतोलाच्या वर. एका बाजूला माणसं उरतात, दुसऱ्या बाजूला रिक्षा. रांगेतली वीस-पंचवीस मिनिटं हीसुद्धा किंमतच आहे, फक्त ती रिक्षावाल्याच्या खिशात जात नाही. हे वाक्य नक्की घाला, कारण तोटा तिथेच आहे. भाडं वाढून पैसे ह्याच्या खिशातून त्याच्या खिशात गेले असते, तर निदान कुणाला तरी मिळाले असते.

---

नौपाडा_जुना:

अर्थशास्त्र मला कळत नाही. पण मीटर काढून टाका असं लिहू नका म्हणजे झालं. पावसात रात्री दहाला आईला आणि दोन बॅगा घेऊन स्टेशनबाहेर उभे राहा, समोर एकच रिक्षा, आणि मग करा भाव. तो म्हणेल ती पूर्व दिशा. ॲपवाल्यांचं वाढीव भाडं निदान गाडी बोलवायच्या आधी दिसतं. ठरलेलं भाडं म्हणजे घासाघीस वाचते, ती कार्यक्षमता नाही का? आणि शेअर रिक्षाचं लिहा. तिथेही सीटचं भाडं ठरलेलंच, पण तीन सीट भरल्या की गाडी निघते. (चौथी सीट ड्रायव्हरशेजारी, ती गृहपाठात नको.)

---

हिशेबनीस:

@नौपाडा_जुना, मुद्दा एकदम मान्य. अडचण भाडं ठरवण्यात कमी आहे, दिवसभर एकच ठरवण्यात जास्त.

ताई, परमिटबद्दल. संख्याही बांधलेली आणि भाडंही बांधलेलं, म्हणून जादा कमाई परमिटच्या कागदात जाऊन बसली. न्यूयॉर्कच्या टॅक्सी परवान्याचं तेच झालं: 2014 च्या सुमारास दहा लाख डॉलरच्या वर गेला, ॲपच्या गाड्या आल्या आणि कोसळला. आपल्याकडे 2017 नंतर रिक्षा वाढल्या, पण मीटर कमी करून गिऱ्हाईक ओढायची सोय कुणालाच नाही. भाडं उतरू शकत नाही, मग गिऱ्हाइकं विभागली जातात. प्रत्येकाच्या वाट्याला फेऱ्या कमी, स्टँडवरचं थांबणं जास्त. त्यामुळे बाबांचं नुकसान दोन तुकड्यांत दाखवा: जे नव्या रिक्षावाल्यांकडे आणि लवकर रिक्षा मिळालेल्या प्रवाशांकडे गेलं ते एक, आणि जे दुपारी अडीचला स्टँडवर नुसतं बसून संपलं ते दुसरं. कार्यक्षमतेचा तोटा फक्त दुसरा.

जमलं तर एक दिवस स्टँडवर उभ्या राहून मोजून काढा. परीक्षकांना आकडे आवडतात.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल अर्धी रजा टाकून मोजलं. अडीच ते तीन: आमच्या स्टँडवरून सहा गाड्या सुटल्या, शेवटचा नंबर लागलेल्याला अठ्ठेचाळीस मिनिटं बसावं लागलं, त्यात त्याचा पेपर वाचून झाला आणि माझ्याशी भांडूनही. साडेसातला स्टेशनवर मी स्वतः रांगेत उभी राहिले, एकवीस मिनिटं, पुढे चौतीस माणसं.

आकृती बाबांना दाखवली. दोन तुकडेही समजावले. बराच वेळ कागद बघत होते, मग म्हणाले, "ज्याच्याकडून मी परमिट घेतलं तो तर पैसे घेऊन गावाला गेला, घर बांधलं त्याने. तो ह्यात कुठे आहे?"

@हिशेबनीस, तो कुठे दाखवायचा?